कन्सल्टन्सीतून नोकरी शोधताय? आधी त्यांचा पैसा कुठून येतो ते बघा

आयटीआय झालेला असो, डिप्लोमा असो, बीकॉम असो नाहीतर बीई, आपल्या मराठवाड्यात नोकरी शोधायला निघालेल्या पोरापोरींना पहिला सल्ला ठरलेला असतो, "संभाजीनगरला जा आणि कन्सल्टन्सीत नाव टाक". मग बीड, परभणी, हिंगोली, जालन्याकडून एसटीनं येतात, वाळूजजवळ बजाजनगर नाहीतर रांजणगावला कुणाच्या तरी रूमवर गादी टाकतात, फाईल घेऊन चार कन्सल्टन्सीत फॉर्म भरतात, सगळीकडं "कळवतो" ऐकतात आणि मग नुसतं फोनकडं बघत बसतात. फोन येत नाही, आला तर भलत्याच पोस्टचा येतो, इंटरव्ह्यू झाला तर निकाल कुणी सांगत नाही, आणि घरून रोज विचारणा, लागलं का काही?

मी वाळूजला एका कंपनीत एचआरला आहे. कन्सल्टन्सीवाले आमच्याकडं रोज रिझ्युम पाठवतात आणि संध्याकाळी नात्यातली, गावाकडची पोरं मला फोन करून विचारतात की दादा पंधरा दिवस झाले काहीच उत्तर नाही, काय समजायचं. त्यांना फोनवर तुकड्यातुकड्यानं जे सांगत असतो ते इथं एका जागी, क्रमानं लिहायलोय. जरा लांब आहे पण पूर्ण वाचा, कारण यातल्या एकेका गोष्टीवर पोरांचे महिनेच्या महिने वाया जायलेत आणि आईबापाचे पैसेही.

आधी पैशाचं गणित

कन्सल्टन्सीला पैसे देते कंपनी, म्हणून कन्सल्टन्सीचं गिऱ्हाईकही कंपनीच. हे एकदा डोक्यात पक्कं बसवा, मग त्यांचं सगळं वागणं आपोआप कळायला लागतं.

कायम पोस्टसाठी माणूस दिला की कंपनी कन्सल्टन्सीला फी देते. बाजारात सर्रास चालणारा रेट म्हणजे वार्षिक सीटीसीच्या (कंपनीला तुमच्यावर वर्षाला येणारा एकूण खर्च) ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार. सीटीसी ३ लाख असेल तर कन्सल्टन्सीला २५ हजाराच्या आसपास मिळतात, वरच्या पोस्टला टक्का वाढतो. ही फी माणूस जॉइन झाल्यावरच मिळते आणि तिला रिप्लेसमेंटची अट असते, म्हणजे माणूस ६० किंवा ९० दिवसांच्या आत सोडून गेला तर त्याच्या जागी दुसरा फुकट द्यायचा. आणि एकच पोस्ट कंपनी एकावेळी तीन-चार कन्सल्टन्सींना देते, ज्याचा माणूस लागला त्यालाच पैसे, बाकीच्यांची मेहनत वाया.

आता बघा, तुमचा रिझ्युम पाठवला आणि तुम्ही सिलेक्ट झाला नाहीत तर कन्सल्टन्सीतल्या मॅडमला एक रुपया मिळत नाही. त्यांना रोज इतके रिझ्युम पाठवा, इतके इंटरव्ह्यू लावा असं टार्गेट असतं, त्यामुळं नाकारलेल्या माणसाला फोन करून कारण सांगायला त्यांच्याकडं वेळही नसतो आणि फायदाही नसतो. वाईट वाटतं हे खरं, माणुसकी म्हणून एक मेसेज तरी टाकायला पाहिजे असं मला आजही वाटतं आणि आमच्याशी काम करणाऱ्यांना मी ते सांगतोही. पण उत्तर आलं नाही म्हणजे आपल्यात काही कमी आहे असा अर्थ काढून घरात तोंड पाडून बसू नका. कितीदा तर पोस्टच रद्द झालेली असते, कंपनीनं आतलाच माणूस घेतलेला असतो आणि ते कन्सल्टन्सीलाही कळवलेलं नसतं.

या गणितातून दुसरी गोष्ट निघते ती जास्त महत्त्वाची. कंपनीकडून पैसे मिळतात म्हटल्यावर तुमच्याकडून घ्यायचं कारणच उरत नाही. रजिस्ट्रेशन फी, फॉर्म फी, युनिफॉर्म डिपॉझिट, गेट पासचे पैसे, मेडिकलचे पैसे, लॅपटॉपचं सिक्युरिटी डिपॉझिट, ट्रेनिंग चार्ज, नाव काहीही असू द्या, जॉइनिंगच्या आधी पैसे मागितले की तिथून उठायचं. "पाचशेच तर आहेत" म्हणून देऊ नका, कारण दिवसाला पन्नास पोरं पाचशे-पाचशे देऊन गेली तर त्या ऑफिसला कुणाला नोकरी लावायची गरजच पडत नाही. काही जण पहिल्या पगारातून रक्कम घेणार असं सांगतात, त्यातले काही खरोखर लावूनही देतात, तरी माझं मत तेच, ज्यानं कंपनीकडून घेतले त्यानं तुमच्याकडून परत घ्यायचे नाहीत.

समोरचा नेमका कोण आहे ते ओळखा

आपल्याकडं सगळ्यांनाच कन्सल्टन्सी म्हणतात आणि तिथंच गोंधळ होतो. कायम पोस्ट भरून देणारी कन्सल्टन्सी वेगळी, तिच्यातून लागलात तर तुमचं अपॉइंटमेंट लेटर थेट कंपनीचं असतं, म्हणजे ऑन रोल. दुसरा असतो लेबर कॉन्ट्रॅक्टर किंवा स्टाफिंगवाला, तिथं तुम्ही काम करता कंपनीत पण कागदावर माणूस कॉन्ट्रॅक्टरचा, पगार, पीएफ, ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) सगळं तोच भरणार आणि तुमच्या मागं दर महिन्याला कंपनीला बिल लावणार. तिसरा परदेशी पाठवणारा एजंट, त्याचा कायदाच वेगळा आहे, खाली सांगतो. आणि चौथा म्हणजे फक्त फॉर्म भरून पैसे घेणारा, जो वरच्या तिघांपैकी कुणाचंही सोंग घेतो.

म्हणून गेल्या गेल्या पहिला प्रश्न हाच विचारायचा, "सर, ही पोस्ट कंपनी रोलवर आहे का कॉन्ट्रॅक्टवर, आणि लेटर कुणाच्या नावाचं मिळणार?" सरळ उत्तर देणारे देतात. "आधी जॉइन तर हो, सहा महिन्यांनी परमनंट करतात" असं म्हणाले तर ते कॉन्ट्रॅक्टच आहे असं धरून चाला, परमनंटचं कागदावर असेल तरच खरं माना. कॉन्ट्रॅक्टवर जाणं चुकीचं नाही, अनुभव मिळतो, घर चालतं, फक्त आपण कशावर जायलोय ते माहीत पाहिजे.

जायच्या आधी घरबसल्या चौकशी

हे काम मोबाईलवर अर्ध्या तासात होतं आणि फुकट होतं, तरी बहुतेक पोरं करत नाहीत.

कन्सल्टन्सीचं पूर्ण नाव आणि जीएसटी नंबर विचारा, कंपनीला बिल लावणाऱ्या चालू कन्सल्टन्सीकडं तो बहुतेक असतोच. जीएसटीच्या सरकारी साईटवर नंबर टाकला की नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली ते दिसतं. प्रायव्हेट लिमिटेड म्हणत असतील तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साईटवर नाव शोधा. कॉन्ट्रॅक्टर असेल तर सगळ्यात कामाची साईट ईपीएफओची, म्हणजे पीएफच्या सरकारी ऑफिसची, तिथं एस्टॅब्लिशमेंट सर्च म्हणून सोय आहे, नाव टाकलं की तो पीएफ भरतो का, कुठल्या महिन्यापर्यंत भरला, किती माणसांचा भरला हे दिसतं. "आमची पाचशे माणसं कामाला आहेत" म्हणणाऱ्याचा पीएफ तीस जणांचाच भरलेला दिसला तर तुम्हीच समजून घ्या.

मग कंपनीकडून खात्री करा. कन्सल्टन्सीनं दिलेल्या नंबरवर करू नका, कंपनीच्या स्वतःच्या वेबसाईटवरचा नंबर किंवा मेल शोधा आणि विचारा की अमुक पोस्टची भरती चालू आहे का आणि अमुक कन्सल्टन्सी तुमच्यासाठी काम करते का. उत्तर मिळेलच असं नाही, पण मिळालं तर शंकाच मिटते. एमआयडीसीत ओळखीचं कुणी त्या कंपनीत असेल तर त्याला गेटवर विचारायला सांगा, सिक्युरिटी केबिनमध्ये बसलेल्या माणसाला वॉक-इन चालू आहे का नाही हे पक्कं माहीत असतं.

ऑरिकमध्ये, म्हणजे शेंद्रा-बिडकीनच्या औद्योगिक शहरात, बिडकीनला मोठे प्रकल्प जाहीर झालेत, २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्कर आणि एथरची घोषणा झाली ती सगळ्यांनी वाचली असेल. असल्या बातम्या आल्या की मोठ्या कंपनीच्या नावानं "डायरेक्ट भरती, १०वी पास, ३२ हजार पगार, राहणं-खाणं फ्री" असे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतात. घोषणा झाली म्हणजे लगेच लाईन सुरू होत नाही, जमीन, बांधकाम, मशिनरी या सगळ्याला वेळ लागतो. भरती निघालीच तर ती कंपनीच्या साईटवर दिसणार, आणि ऑफर लेटर जीमेलच्या आयडीवरून आलं तर ते खोटं समजायचं.

फोनवर काय विचारायचं

कन्सल्टन्सीचा फोन येतो तेव्हा आपली पोरं नुसतं "हो मॅडम, हो मॅडम" करतात आणि फोन ठेवल्यावर कंपनीचं नावसुद्धा सांगता येत नाही. बोलणं साधारण असं व्हायला पाहिजे:

"मॅडम, कंपनी कुठली आणि प्लांट कुठला? वाळूज, शेंद्रा, चितेगाव का पुण्याकडं चाकण-रांजणगाव?"
"वाळूजलाच आहे, नाव इंटरव्ह्यू फिक्स झाल्यावर सांगू."
"बरं मॅडम, पण माझा रिझ्युम पाठवायच्या आधी नाव सांगा, मी दुसरीकडूनही अप्लाय केलेलं आहे, दोनदा जायला नको."
"ठीक आहे, सांगते."
"पोस्ट कुठली, शिफ्ट किती तासांची, ओव्हरटाईम सिंगल का डबल, आणि इन हॅन्ड किती?"
"ते एचआर राऊंडला कळेल."
"अंदाज सांगा मॅडम, म्हणजे रूम, मेस धरून परवडतं का ते बघतो. आणि हे सगळं मला व्हॉट्सअ‍ॅप करा."

नाव लपवण्यामागं त्यांची एक खरी भीती असते, तुम्ही परस्पर कंपनीत अप्लाय केलं तर त्यांची फी जाते. ती समजून घ्या, पण रिझ्युम जायच्या आधी नाव कळणं हा तुमचा हक्क आहे, त्यावर अडून बसा, आवाज न चढवता.

मुलींसाठी एक वेगळं सांगतो. इंटरव्ह्यूचा पत्ता लॉज, फ्लॅट किंवा संध्याकाळनंतरची वेळ असेल तर जायचंच नाही, कितीही चांगली पोस्ट असली तरी. सेकंड-थर्ड शिफ्ट असेल तर कंपनीची बस घरापर्यंत येते का नाक्यापर्यंत, हे आधीच लेखी विचारून घ्या. कुणी "एवढं काय विचारता" म्हणालं तर म्हणू द्या.

रिझ्युम आणि कागदपत्रं

रिझ्युम दोन पानांच्या आत, वर मोबाईल नंबर आणि मेल, मग काय येतं ते. फिटर, टर्नर, सीएनसी ऑपरेटर असाल तर कुठली मशीन, कुठला कंट्रोलर, मायक्रोमीटर-व्हर्नियर येतं का, ड्रॉइंग वाचता येतं का हे लिहा. अकाउंटवाले असाल तर टॅली, जीएसटी रिटर्न, ई-वे बिल स्वतः केलंय का ते लिहा. "हार्डवर्किंग, पंक्च्युअल" सगळेच लिहितात, ते कुणी वाचत नाही.

कन्सल्टन्सीवाले वर्ड फाईल मागतात कारण त्यांना वरचा नंबर काढून स्वतःचं नाव टाकायचं असतं. ते चालतं, पण काही जण अनुभवाची वर्षं आणि पगारही बदलून टाकतात. आमच्याकडं एका क्वालिटी इन्स्पेक्टरच्या पोस्टला एकाच पोराचा रिझ्युम दोन कन्सल्टन्सींकडून आला, एकात अनुभव तीन वर्षं आणि अपेक्षा २४ हजार, दुसऱ्यात साडेचार वर्षं आणि ३० हजार. दोन्ही कन्सल्टन्सी म्हणायला लागल्या हा आमचा माणूस, फीचं भांडण नको म्हणून मॅनेजरनं दोन्ही बाजूला ठेवले. पोरगं इंटरव्ह्यूला आलं होतं, गेटवर रजिस्टरमध्ये नाव लिहून पेन परत देत होतं तेव्हा त्याला आज इंटरव्ह्यू होणार नाही असं सांगितलं गेलं. त्याला कारण कुणी सांगितलं नाही, मला नंतर समजलं. पोराची काहीच चूक नव्हती. हातातल्या फाईलमधला त्याचा स्वतःचा रिझ्युम कुणी उघडून बघितला असता तर खरी वर्षं तिथंच दिसली असती.

म्हणून रिझ्युम पीडीएफमध्ये पाठवा, वर्ड द्यायचाच असेल तर सोबत मेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ टाका: "माझा रिझ्युम फक्त या कंपनीच्या या पोस्टसाठी पाठवावा, त्यात बदल करू नये, दुसरीकडं पाठवण्याआधी मला विचारावं." आणि एक वही करा. तारीख, कन्सल्टन्सी, बोलणाऱ्याचं नाव, कंपनी, पोस्ट, सांगितलेला पगार, पुढं काय झालं. एका कंपनीसाठी एकाच कन्सल्टन्सीतून जायचं, दुसऱ्यानं तीच कंपनी सांगितली की "माझा ऑलरेडी गेलाय" म्हणून सांगायचं. बऱ्याच कंपन्या ज्यानं आधी पाठवला त्याच्या नावावर रिझ्युम काही महिने धरतात, त्यामुळं पहिला कुणाला द्यायचा ते विचार करून ठरवा.

ओरिजिनल मार्कशीट, टीसी, सर्टिफिकेट कुणाकडंही ठेवायला द्यायचं नाही, बघायला द्या आणि परत घ्या. आधार, पॅन, बँक पासबुक हे ऑफर लेटर आल्यावर, त्याआधी नाही, आणि आधार दाखवायचंच असेल तर मास्क्ड आधार डाउनलोड करा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. झेरॉक्सवर "फक्त अमुक कंपनीच्या नोकरीसाठी" असं लिहून तारीख टाकून सही करा. ओटीपी कुणालाच सांगायचा नाही. कोरा चेक, कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सही, हे तर अजिबातच नाही.

पगाराचा आकडा फोडून बघा

सगळ्यात जास्त वाद इथं होतात. फोनवर "साडेवीस हजार" ऐकलेलं असतं आणि खात्यात सोळाही येत नाहीत, मग पोरं म्हणतात फसवलं. कधी खरंच फसवलेलं असतं, कधी सीटीसीचा आकडा पगार म्हणून सांगितलेला असतो.

समजा ग्रॉस, म्हणजे कटिंगच्या आधीचा पगार, १८,००० आणि त्यात पीएफला धरला जाणारा पगार १५,००० आहे. तुमच्याकडून पीएफ १२ टक्के म्हणजे १,८०० कटणार. ईएसआयसी ०.७५ टक्के म्हणजे १३५. प्रोफेशनल टॅक्स पुरुषांना २००, फेब्रुवारीत ३००, महिलांना महिन्याला २५ हजारांपर्यंत माफ. हातात राहिले १५,८६५. त्यातून कॅन्टीन आणि बसचं कटिंग असेल तर अजून खाली. आता कंपनीच्या बाजूनं, पीएफ आणि त्यावरचे चार्जेस मिळून १३ टक्के म्हणजे १,९५०, ईएसआयसी ३.२५ टक्के म्हणजे ५८५. १८,००० मध्ये हे मिळवले की झाले २०,५३५. हेच ते साडेवीस हजार. बोनस आणि ग्रॅच्युइटी धरून आकडा अजून फुगवून सांगणारेही आहेत.

त्यामुळं प्रश्न असा विचारायचा, "ग्रॉस किती, कटिंग काय काय, खात्यात किती पडणार?" आणि ब्रेकअप लेखी मागायचा. कंपनीचा वाटा तुमच्याच पगारातून कापतात का तेही बघा, काही कॉन्ट्रॅक्टर दोन्ही वाटे पोराच्याच ग्रॉसमधून कापतात, ते बेकायदा आहे. ग्रॉस २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआयसी लागू होतं. ते नको म्हणू नका, आईबापाच्या उपचाराला उपयोगी पडतं.

इंटरव्ह्यू झाल्यावरची वाट

इंटरव्ह्यूच्या दिवशी संध्याकाळी एक मेसेज टाका, झाला, असं-असं विचारलं, निकाल साधारण कधी कळेल. तीन-चार कामाच्या दिवसांनी एकदा विचारा, आठवड्यानं अजून एकदा, आणि मग त्या ओळीपुढं वहीत फुली मारून पुढं चला. रोज दहा फोन केल्यानं निकाल बदलत नाही, उलट नंबर ब्लॉक होतो. तोंडी "सिलेक्ट झालात" ऐकून चालू नोकरी सोडायची नाही, ऑफर लेटर हातात आल्याशिवाय राजीनामा नाही. हा नियम फार कडक पाळा, कारण तोंडी सिलेक्शनवर चाकणची चालू नोकरी सोडून आलेली आणि मग चार महिने घरी बसलेली पोरं मी बघितलीत.

जॉइन झाल्यावर पहिले ९० दिवस कन्सल्टन्सीचा फोन अधूनमधून येत राहतो, सगळं ठीक ना म्हणून. कारण वर सांगितलंच. या काळात पगार सांगितल्यापेक्षा कमी पडला किंवा काम वेगळंच दिलं तर लगेच त्यांना सांगा, तुम्ही टिकावं ही त्यांची गरज असते तोपर्यंतच ते तुमच्यासाठी कंपनीशी बोलतात.

कॉन्ट्रॅक्टवर लागलात तर

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड लागू झालेत, त्यात प्रत्येक कामगाराला अपॉइंटमेंट लेटर देणं बंधनकारक आहे. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत मिळाला पाहिजे, आणि काम सोडलं किंवा काढलं तर राहिलेला हिशोब दोन कामाच्या दिवसांत. कॉन्ट्रॅक्टरनं पगार बुडवला तर तो द्यायची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, हे १९७० च्या जुन्या ठेका कामगार कायद्यातही होतं आणि नव्या कोडमध्येही आहे. पोरांना हे माहीत नसतं म्हणून कॉन्ट्रॅक्टर पळाला की पगार गेला असं धरून गप्प बसतात. गेट पास, हजेरीचे फोटो, सॅलरी स्लिप, बँकेची एन्ट्री जपून ठेवा, तुम्ही तिथं काम केलं याचा पुरावा तोच.

पीएफ कटतो म्हणजे भरला जातो असं नाही. उमंग अ‍ॅपवर पासबुक बघा, किंवा यूएएनला (पीएफचा तुमचा कायमचा नंबर) जोडलेल्या मोबाईलवरून ९९६६०४४४२५ ला मिस कॉल द्या, मेसेज येतो. पहिला पगार झाला की पुढच्या महिनाअखेर हे तपासायचंच, आणि नंतरही दर महिन्याला. कॉन्ट्रॅक्टर बदलला की काही जण नवीन यूएएन काढायला लावतात, तसं होऊ देऊ नका, जुनाच नंबर द्या. पीएफच्या पेन्शनला एकूण दहा वर्षांची नोकरी लागते आणि ती वर्षं वेगवेगळ्या कॉन्ट्रॅक्टरकडची मिळून मोजली जातात, पण एकाच यूएएनवर आणि ट्रान्सफर केलेली असतील तर. सात महिन्यांनी ब्रेक देऊन परत घेतात तेव्हा "पीएफ काढून घे, मोबाईल घे" असा सल्ला सगळे देतात. पैसे काढले की मागची वर्षं सहज मोजणीतून जातात, तेव्हा गरज नसेल तर हात लावू नका.

गल्फला किंवा अजून कुठं जायचं असेल तर

परदेशी कामाला पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली केंद्र सरकारकडं नोंदणी लागते. ईमायग्रेट पोर्टलवर नोंदणी असलेल्या एजंटांची यादी आहे, नंबर तिथं तपासा. तो जास्तीत जास्त ३०,००० रुपये सर्व्हिस चार्ज घेऊ शकतो, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४००, आणि त्याची पावती द्यावी लागते. दीड-दोन लाख मागणारा गावातला सब-एजंट बेकायदाच. टुरिस्ट किंवा व्हिजिट व्हिसावर "जा, तिथं बदलून देतो" म्हणाला तर जाऊ नका. आणि कंबोडिया, म्यानमार, लाओसकडची डेटा एन्ट्रीची, कस्टमर सपोर्टची ऑफर आली तर दहादा विचार करा, आपल्या देशातल्या बऱ्याच पोरांना तिथं नेऊन, कोंडून ठेवून ऑनलाइन फसवणुकीचं काम करायला लावलंय. शेत विकून पैसे भरणाऱ्या घरांना मी हात जोडून सांगतो, आधी पोर्टल बघा.

कन्सल्टन्सीच्या जोडीला हेही चालू ठेवा

राज्याच्या महास्वयम पोर्टलवर आणि केंद्राच्या एनसीएस (नॅशनल करिअर सर्व्हिस) पोर्टलवर नाव नोंदवा, दोन्ही फुकट आहेत. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राचे रोजगार मेळावे जिल्ह्याजिल्ह्यात होतात, तिथं कंपनीचा एचआर थेट समोर बसलेला असतो. आयटीआयवाल्यांनी नॅप्स आणि डिप्लोमा-डिग्रीवाल्यांनी नॅट्स पोर्टलवर अप्रेंटिसशिप बघा, वर्षभराचं सर्टिफिकेट मिळतं आणि मोठ्या कंपनीत आत शिरायचा हा सगळ्यात स्वच्छ रस्ता आहे असं माझं मत. २०२४ ला सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीला ६, आयटीआय-डिप्लोमाला ८ आणि पदवीला १० हजार विद्यावेतन ठरलं होतं, ती संधी चालू आहे का ते त्याच केंद्रात विचारा. आणि ओळखीचा माणूस कंपनीत असेल तर लाजू नका, रिझ्युम द्या. त्यातून लागलेल्यांची संख्या कमी नाही.

पैसे गेलेच तर

लाज वाटून गप्प बसणं हेच त्या लोकांच्या पथ्यावर पडतं. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच तासात १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन लावा, उद्यावर टाकू नका, पैसे पुढच्या खात्यात जायच्या आधी गोठवता आले तरच परत मिळायची आशा असते. यूपीआयचा ट्रान्झॅक्शन नंबर, रक्कम, वेळ, समोरच्याचा आयडी हाताशी ठेवा. मग सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाका आणि स्वतःच्या बँकेलाही लेखी कळवा. रोख दिले असतील तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) लागतं, जुनं ४२० तेच. अर्जात कुणी, कधी, कुठं, किती घेतले आणि काय कबूल केलं एवढं सरळ लिहा, सोबत चॅटचे स्क्रीनशॉट, फॉर्मची पावती, ऑफिसच्या बोर्डाचा फोटो जोडा आणि पोच म्हणून शिक्का घ्या. त्याच ऑफिसात फसलेले अजून दोघं-चौघं सापडले तर एकत्र जा, तक्रार हलते. पगार किंवा हिशोब अडकला असेल तर कामगार उपायुक्त नाहीतर सहायक कामगार आयुक्तांच्या ऑफिसात अर्ज द्या आणि त्यात कॉन्ट्रॅक्टरच्या जोडीला मूळ कंपनीचंही नाव टाका. पीएफ भरला नसेल तर ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर यूएएन आणि सॅलरी स्लिप लावून टाका, कटिंग दिसणारी एक स्लिप जरी असली तरी तिथं त्यांना कॉन्ट्रॅक्टरकडून उत्तर मागता येतं.